भरती-ओहोटीच्या बेटावर एक खून: कोझी रहस्यकथेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दूरचं बेट, बेटावर किल्ला, किल्ल्यात सकाळी सापडलेलं प्रेत आणि खाली गावात चहाच्या किटल्यांभोवती जमलेले दहा-बारा संशयित. अशा गोष्टी वाचणारे आणि लिहू पाहणारे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. उत्तरं हवेत राहू नयेत म्हणून इथे एक खरं बेट डोळ्यासमोर ठेवलं आहे: इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, नॉर्थम्बरलँडमधलं लिंडिस्फार्न. स्थानिक लोक त्याला होली आयलंड म्हणतात.

कोझी रहस्यकथा कशाला म्हणायचं?

खून होतो, पण पडद्याआड. रक्ताचं वर्णन एका वाक्यात उरकतं. शोध घेणारा माणूस पोलीस नसतो. ग्रंथपाल, पोस्टातल्या बाई, निवृत्त शिक्षिका, बेकरीवाला, असं कोणीतरी असतं. गाव लहान, सगळे सगळ्यांना ओळखतात आणि शेवटी गुन्हेगार सापडल्यावर गाव पुन्हा आपल्या कामाला लागतं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इंग्लंडमध्ये या घाटाच्या कथा जोमाने लिहिल्या गेल्या. १९३० मध्ये ब्रिटिश रहस्यकथाकारांनी ‘डिटेक्शन क्लब’ स्थापन केला, त्यामागे वाचकाशी लबाडी करायची नाही हा आग्रह होता. जो धागा शोधकाला दिसला तो वाचकालाही दिसलाच पाहिजे.

खून आणि मजा, हे जरा विचित्र नाही का?

आहे. पण वाचक मरणाची मजा घेत नसतो, कोड्याची घेत असतो. म्हणून तर या कथांमध्ये मरणारा माणूस बहुधा कुणाचाच लाडका नसतो. लहान मूल, गावाची आवडती आजी किंवा नुकतंच लग्न झालेली मुलगी यांना हात लावला की कथेचा बाज बदलतो, मग कितीही स्कोन आणि मुरंबा वाढा.

बेटच का लागतं? बंगला, आगगाडी, हॉटेल चालत नाही?

चालतं की. बेटाने संशयितांची यादी आपोआप बंद होते, एवढी सोय मात्र जास्त. तरीही माझं मत थोडं वेगळं आहे. पूर्ण तुटलेलं बेट कोझीला मानवत नाही. होडी येणार नाही, तार जाणार नाही, कोणी वाचवायला येणार नाही, असं झालं की कथेत दहशत शिरते. अगाथा ख्रिस्ती यांनी १९३९ मध्ये दहा माणसं एका बेटावर अडकवली तेव्हा त्यांना तेच हवं होतं. त्यांनीच १९४१ च्या कादंबरीत पुन्हा बेट घेतलं, पण तिथे सुट्टीवर आलेली माणसं, समुद्रस्नान आणि त्यांचा नेहमीचा गुप्तहेर प्वारो होता. दोन्ही बेटांमागे डेव्हनच्या किनाऱ्यावरचं बर्ग आयलंड होतं, असं मानतात आणि ते ओहोटीला चालत गाठता येतं. एकाच बेटातून दोन अगदी वेगळ्या तऱ्हेच्या कथा निघाल्या, कारण एकीत दार कायमचं बंद होतं आणि दुसरीत ते उघडझाप करत होतं.

कोझीला हे उघडझाप करणारं दार लागतं. आज रात्री कोणी येणार नाही, पण उद्या सकाळी पाव येईल, टपाल येईल, पोलीसही येतील. मधले काही तास शोधकाचे.

लिंडिस्फार्न खरंच तुटतं का? किती वेळ?

रोज दोनदा. मुख्य भूमीवरच्या बील गावाच्या बाजूने एक डांबरी रस्ता ओहोटीला उघड्या पडणाऱ्या वाळूतून बेटाकडे जातो. तो १९५४ मध्ये झाला. भरती आली की तो पाण्याखाली जातो आणि साधारण पाच तास तसाच राहतो. सुरक्षित वेळांचं कोष्टक छापलेलं असतं, रस्त्याच्या तोंडाशीही लावलेलं असतं. तरीही दरवर्षी कुणी ना कुणी ‘एवढंसं पाणी’ म्हणून गाडी घालतो आणि मग बचाव नौकेला बोलवावं लागतं. रस्त्यावर एके ठिकाणी खांबांवर उभी केलेली पांढरी लाकडी खोली आहे, शिडी चढून वर जायचं आणि गाडी बुडताना बघत बसायचं. कादंबरीकाराने ही खोली वापरली नाही तर त्याच्या धंद्यात काही अर्थ नाही.

रस्त्याच्या आधीची वाट वेगळी आहे. वाळूत रोवलेल्या उंच काठ्यांच्या ओळीने यात्रेकरू चालत जायचे, अजूनही जातात. मध्ये अडकलेल्यांसाठी त्या वाटेवरही उंच मचाणं आहेत. म्हणजे लेखकाच्या हाताशी दोन वाटा आल्या: एक गाडीची, एक पायांची, आणि दोन्हींची वेळ पाळण्याची गरज सारखी नाही. वाळू ओळखणारा म्हातारा कोळी अशा क्षणी चालत येऊ शकतो, जेव्हा लंडनहून आलेल्या पुतण्याची गाडी येऊ शकत नाही.

भरतीचा पुरावा म्हणून वापर कसा करतात? जरा उदाहरण देऊन सांगा.

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, तेव्हा सविस्तर.

भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, कारण ती चंद्रामागे चालते. याचा एक परिणाम लोकांच्या लक्षात येत नाही: एखाद्या ठिकाणी पौर्णिमेला आणि अमावास्येला भरतीची घड्याळातली वेळ जवळपास ठरलेली असते. लिंडिस्फार्नला ती दुपारी आणि पहाटे दोन-तीनच्या आसपास येते. अष्टमीला, म्हणजे अर्ध्या चंद्राच्या दिवशी, तीच भरती सकाळी आणि रात्री आठ-नऊच्या सुमाराला येते. उन्हाळ्यात इंग्लंडची घड्याळं तासभर पुढे असतात, म्हणून कथा नोव्हेंबरात ठेवा.

आता समजा, काका किल्ल्यात मेलेले सापडले. पुतण्या सांगतो, “मी रात्री साडेआठला बेट सोडलं, काका दारात उभे राहून हात हलवत होते.” दुसऱ्या कुठल्यातरी प्रकरणात, अगदी वेगळ्या संदर्भात, चर्चची साफसफाई करणारी बाई म्हणते की त्या संध्याकाळी आकाशात अर्धा चंद्र होता आणि कबरींवर त्याचा उजेड कसा पडला होता. बस, संपलं. अर्धा चंद्र असेल तर साडेआठला रस्ता पाण्याखाली. पुतण्या खोटं बोलतोय. तो आधी गेला किंवा गेलाच नाही.

यात कोष्टक शोधण्याची गरज नाही, रासायनिक चाचणी नाही, कोणाचा कबुलीजबाब नाही. दोन्ही गोष्टी वाचकाच्या डोळ्यांसमोर ठेवल्या होत्या. फक्त चंद्र आधी द्यायचा, पुतण्याचं विधान निदान चाळीस पानं नंतर, आणि भरती चंद्राप्रमाणे चालते हे कधीतरी बोलता बोलता एखाद्या कोळ्याच्या तोंडी घालायचं. ते शेवटच्या प्रकरणात पहिल्यांदा सांगितलं तर वाचक पुस्तक फेकून मारेल आणि त्याचं बरोबर असेल.

किल्ला कसा आहे? कथेत वर्णन करतात तसा भव्य?

लहान आहे! दुरून पाहिलं तर काळ्या खडकाच्या सुळक्यावर तो मोठा रुबाबात बसलेला दिसतो, आत गेल्यावर खोल्या बुटक्या, बोळ अरुंद. सोळाव्या शतकाच्या मध्याला स्कॉटलंडच्या भीतीने तो बांधला आणि दगड आणले ते बेटावरच्या मोडलेल्या मठाचे. त्या जागी ६३५ च्या सुमारास आयोनाहून आलेल्या सेंट एडनने पहिला मठ स्थापन केला होता. ७९३ मध्ये व्हायकिंगांनी तो लुटला, पुढे नॉर्मन काळात नवा मठ उभा राहिला आणि आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत तोही बंद झाला. म्हणजे किल्ल्याच्या भिंतीत देवळाचे दगड आहेत. गावातल्या एखाद्या म्हातारीला हे आवडत नसेल, तर तिला संशयितांच्या यादीत घ्यायला हरकत नाही.

कोझीच्या दृष्टीने खरी गंमत विसाव्या शतकातली. ‘कंट्री लाइफ’ मासिकाचे संस्थापक एडवर्ड हडसन यांनी १९०१ च्या सुमारास हा ओसाड किल्ला घेतला आणि एडविन लट्येन्स या वास्तुविशारदाला तो सुट्टीचं घर म्हणून सजवायला दिला. हेच लट्येन्स पुढे नवी दिल्लीत राष्ट्रपती भवन उभं करणारे. दिल्लीत त्यांनी सगळं अवाढव्य केलं, इथे तोफखान्याच्या कोठारांमधून जेवणघर आणि झोपायच्या खोल्या काढल्या. गर्ट्रूड जेकिल यांनी १९११ मध्ये खडकापासून जरा दूर, मेंढ्यांच्या कुरणात, भिंतीने वेढलेली छोटीशी फुलबाग आखली. बागेतून किल्ला दिसतो आणि किल्ल्यावरून बाग दिसते. “मी तिला बागेत पाहिलं” असं म्हणणारा साक्षीदार किती दूर होता हे मग मोजता येतं. १९४४ पासून किल्ला नॅशनल ट्रस्टकडे आहे.

आत प्रवेशद्वाराच्या दालनात, चुलाण्यावर, वाऱ्याची दिशा दाखवणारी रंगवलेली तबकडी आहे. छतावरच्या वातकुक्कुटाशी ती जोडलेली असते, त्यामुळे घराबाहेर पाऊल न टाकता वारा कुठून वाहतोय ते कळतं. “वारा ईशान्येचा होता हे तुम्हाला कसं ठाऊक, तुम्ही तर बाहेरच गेला नव्हता?” असा सापळा शोधकाने टाकला, तर संशयिताने शांतपणे तबकडीकडे बोट दाखवावं. चांगल्या कथेत असा एक फसलेला सापळा हवाच.

या किल्ल्यात कधी खरोखर काही भानगड झाली होती का?

झाली होती आणि ती कुठल्याही कादंबरीपेक्षा सरस आहे. साल १७१५. इंग्लंडच्या गादीवर स्टुअर्ट घराण्याला बसवायला उठाव चालू होता. लान्सलॉट एरिंग्टन नावाचा जहाजाचा कप्तान बंदरात नांगर टाकून होता. किल्ल्यात मूठभर शिपाई आणि त्यांच्यातला मुख्य गोलंदाज फावल्या वेळात न्हाव्याचं काम करायचा. एरिंग्टन दाढी करून घ्यायला वर गेला, सगळं न्याहाळून खाली आला. थोड्या वेळाने पुतण्याला बरोबर घेऊन परत गेला आणि म्हणाला, माझ्या घड्याळाची किल्ली इथेच पडली बहुतेक. आत शिरताच दोघांनी पिस्तुलं काढली, असतील नसतील त्या शिपायांना बाहेर काढलं आणि किल्ल्यावर स्टुअर्टांचा झेंडा चढवला.

मदत आलीच नाही. दुसऱ्या दिवशी मुख्य भूमीवरच्या बेरिक गावाकडून सैन्य आलं, काका-पुतणे पळताना पकडले गेले, बेरिकच्या तुरुंगात पडले आणि तिथून भुयार खणून निसटले.

दाढी, हरवलेली किल्ली, मदतीची वाट बघत झेंड्याखाली बसलेले दोघे. यातल्या एकालाही कोणी मारलं नाही हे बघा. ज्याला या बाजाची कथा लिहायची आहे त्याने खून बाजूला ठेवून आधी ही घटना चार वेळा वाचावी. कोणाच्या कामाच्या सवयी गावाला माहीत असतात आणि त्याचा फायदा कसा घेता येतो, हे तिच्यातून शिकायला मिळतं.

गुप्त भुयार घालू का?

एक चालेल. रोनाल्ड नॉक्स या पाद्री रहस्यकथाकाराने १९२९ मध्ये या कथांचे दहा नियम लिहिले, त्यात एकाहून जास्त गुप्त खोली किंवा भुयार नको असं स्पष्ट आहे. पण लिंडिस्फार्नच्या किल्ल्याखाली डोलेराइटचा खडक आहे, आपल्या सह्याद्रीतल्या बेसाल्टचा जवळचा नातेवाईक. त्यात रात्रीतून कोणी भुयार खणत नाही. त्यापेक्षा किल्ल्याच्या पायथ्याला उलट्या करून ठेवलेल्या, हेरिंग मासे धरायच्या जुन्या होड्या वापरा. त्यांना दारं बसवून सामानाच्या कोठ्या केल्या आहेत. लपवायला अगदी योग्य जागा, आणि मुख्य म्हणजे खरी.

मोबाइल आल्यावर या सगळ्याला काय अर्थ राहिला?

फोन लागतो, पण माणूस येऊ शकत नाही. तेवढं पुरे. उलट पलीकडून पोलीस अधिकारी फोनवर ओरडतोय, “कशाला हात लावू नका!” आणि इकडे शोधक बाईंनी ऑलरेडी फुलदाणी उचलून बघितली आहे, यात जास्त मजा आहे. तरी मला विचाराल तर कथा १९५५ च्या आसपास ठेवा. रस्ता नवा झालेला, बेटावरच्यांना जुन्या वाळूची सवय आणि बाहेरून येणाऱ्यांना डांबरावर भलता विश्वास.

पोलीस आल्यावर हौशी शोधकाने काय करायचं?

त्यांच्या वाटेत यायचं नाही आणि घरोघरी जायचं. पोलिसाला लोक उत्तर देतात, पोस्टातल्या बाईंशी लोक बोलतात. त्यांना कळलेलं पोलिसांना सांगायला त्या सुरुवातीला का कचरतात, याचं कारण मात्र द्या. नाहीतर शंभर पानं वाचक मनात ओरडत राहतो, अहो सांगा ना त्याला! आणि पोलिसाला मूर्ख करू नका. तो कामात बुडालेला, भरतीला वैतागलेला असू दे, पण मठ्ठ नको.

भूतबित?

बेटाजवळच्या वाळूच्या पट्ट्यांवर करडे सील पडलेले असतात आणि ते गातात. लांबवरून तो आवाज बाईच्या विव्हळण्यासारखा येतो. लंडनच्या पाहुण्याला पहिल्या रात्री घाबरवा, सकाळी न्याहारीला गावच्या पोराकडून हसवा, विषय संपवा. प्रत्यक्ष भूत गुन्ह्यात गुंतवलंत तर नॉक्सचा दुसरा नियम मोडेल.

विष कुठलं वापरू?

खरं, ओळखीचं आणि त्या काळात घरात सापडणारं. कधीही न ऐकलेलं विष नको, हाही नियमच आहे. ख्रिस्तींना विषांची जाण होती, कारण पहिल्या महायुद्धात त्यांनी दवाखान्याच्या औषधविभागात काम केलं होतं. बाकीच्यांनी जिन्यावरून ढकललेलं बरं. या किल्ल्यावर चढणारी फरसबंदी वाट आणि नोव्हेंबरचा पाऊस तुमच्या बाजूने आहेतच.

खाण्यापिण्याचं वर्णन किती असावं?

भूक लागेल इतकं. बेटावर मधापासून केलेली मीड नावाची दारू मिळते, खेकड्याचं सँडविच मिळतं आणि त्याच किनाऱ्यावरच्या क्रास्टर गावचे धुरावलेले हेरिंग प्रसिद्ध आहेत. पाककृती शेवटी छापण्याची अमेरिकन पद्धत मला पटत नाही, पण खप होतो म्हणतात.

खऱ्या बेटाचं नाव वापरावं का?

जेमतेम दीडशे माणसांची वस्ती आहे. तिथल्या पबमालकाला तुम्ही खुनी केलंत तर सगळ्या गावाला कळेल कोण ते. भूगोल तोच ठेवा, नाव बदला.

आपल्याकडे जलदुर्ग इतके आहेत, मग अशी कथा कोकणात का नको?

हवीच! लिंडिस्फार्नला सगळ्यांत जवळचा अलिबागचा कुलाबा किल्ला. ओहोटीला माणसं चालत जातात, घोडागाडी जाते, भरती चढली की होडीशिवाय गत्यंतर नाही. आणि तिथला चंद्राचा हिशोब कोळ्यांना पंचांगातूनच करता येतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. पौर्णिमेला, अमावास्येला बाराच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. म्हणजे मघाचा पुतण्या इथे आणला तर “अष्टमीला संध्याकाळी सहाला चालत बाहेर पडलो” म्हणताच पकडला जाईल आणि पकडणारी असेल मासळी बाजारातली आजी. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीची भांग यांतला फरकही तिच्या तोंडी शोभेल. भांगेला पाणी कमी चढतं, कमी उतरतं, तेव्हा चालायची वाट मिळेलच असं नाही.

पण कुलाब्यात रात्री वस्ती असलेलं गाव नाही आणि कोझीला गाव हवं. त्यासाठी मालवणचा सिंधुदुर्ग. १६६४ मध्ये बांधायला घेतलेल्या या किल्ल्याच्या तटाच्या आत आजही थोडी घरं आहेत, शिवाजी महाराजांचं देऊळ आहे आणि चारी बाजूंना खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याच्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी आहेत. पावसाळ्यात पर्यटकांच्या होड्या बंद होतात. मृगाचा पाऊस लागलाय, समुद्र खवळलाय, आतल्या घरांमध्ये मोजकी माणसं आणि साखरबावेचं पाणी सकाळी कडू लागतं. इथून पुढे मी सांगणार नाही, लिहायचं कोणीतरी.

एकच धोका. जलदुर्ग म्हटला की आपला लेखक इतिहासात शिरतो, तोफा आणि आरमारावर वीस पानं जातात आणि प्रेत तसंच पडून राहतं.

संशयित किती ठेवावेत?

सहा. आठ झाले तर वाचक पहिल्या पानावर यादी मागतो, चार असले तर तिसऱ्या प्रकरणात ओळखतो.

लिंडिस्फार्नला प्रत्यक्ष जायचं असेल तर?

एडिनबरा-न्यूकॅसल मार्गावर बेरिक-अपॉन-ट्वीड स्टेशनला उतरा, तिथून पुढे बस किंवा टॅक्सी. बसच्या वेळाही भरतीप्रमाणे बदलतात, रोज तीच बस त्याच वेळेला मिळेल असं धरू नका. किल्ला हिवाळ्यात बहुतेक बंद असतो, मठाचे अवशेष वेगळ्या संस्थेकडे आहेत, त्यांचं तिकीट वेगळं. आणि नॉर्थम्बरलँडच्या कौन्सिलने दिलेलं भरतीचं कोष्टक निघायच्या दिवशी सकाळी पुन्हा बघा. बेटावर राहायला खोली मिळत असेल तर एक रात्र नक्की काढा: संध्याकाळी शेवटची गाडी निघून गेल्यावर गाव कसं असतं, ते दिवसा येऊन जाणाऱ्यांना दिसत नाही.